वहीतला रिकामा रकाना

रविवारची रात्र. जेवणे आटोपली आहेत. आई ओटा पुसते आहे, बाबा सोमवारच्या कपड्यांना इस्त्री करत आहेत आणि तेवढ्यात आतून आवाज येतो, "आई, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय!"

शाळेत जाणारे मूल असलेल्या घरात हे वाक्य ऐकू आले नाही, असे क्वचितच होते. मग जी धावपळ सुरू होते ती काही विचारू नका. बाबा कोपऱ्यावरच्या दुकानाचे अर्धे शटर खाली आलेले असताना थर्माकोल घेऊन येतात. ताई रंग कालवते. आई मोत्यासारख्या अक्षरात शीर्षक लिहिते. माहिती कुठून तरी उतरवली जाते. रात्री साडेबारापर्यंत ज्वालामुखी तयार! सकाळी मूल झोपाळलेल्या डोळ्यांनी तो दोन्ही हातांत सांभाळत रिक्षात चढते. ज्याच्या नावाचा प्रोजेक्ट, त्याने त्यात केलेले काम बहुधा एवढेच.

यात आईबाबांनाच दोष देऊन भागणार नाही. शाळेला सुबक वस्तू हवी असते, गुण सुबकपणाला मिळतात आणि घरी सगळ्यांनाच घाई असते. पण एखाद्या घरी मूल खरोखरच काही शोधायला निघते, तेव्हा काय होते? खरी अडचण तिथे सुरू होते.

असे एक घर डोळ्यांपुढे आणू या. रायपूरच्या शंकरनगरातले, दोन पिढ्यांपूर्वी नागपूरकडून आलेले मराठी कुटुंब. आजी, आईबाबा आणि सातवीतली मुलगी. रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. तिथे कोळसा वापरून स्पंज आयर्न तयार करणारे कारखाने आहेत. घराच्या छतावर (रायपूरचा मराठी माणूसही गच्चीला छतच म्हणतो) काळी धूळ साचते, वाळत घातलेले पांढरे कपडे काळवंडतात, ही रायपूरकरांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. आजी रोज सकाळी पापडांवरचे फडके झटकताना ती करतेच. मुलीने ठरवले, ही धूळ मोजायची.

साधन अगदी घरगुती. दोन पांढऱ्या कागदांवर एक एक सेंटिमीटरचे चौकोन आखले, कागद ताटल्यांवर चिकटवले आणि त्यांच्यावर व्हॅसलिनचा पातळ थर दिला. एक ताटली छतावर, दुसरी रस्त्यालगतच्या फाटकावर. चोवीस तासांनी भिंगातून दहा चौकोनांतले काळे कण मोजायचे, वहीत लिहायचे आणि नवा कागद लावायचा. असे पंधरा दिवस. तिचा अंदाज होता की, फाटकावर काळे कण जास्त सापडतील, कारण समोरून गाड्या जातात.

पंधराव्या दिवशी वही उघडली तेव्हा तिच्यात तीन घोटाळे होते. नववा रकाना रिकामा होता. त्या दिवशी मामेबहिणीच्या लग्नाला सगळे दुर्गला गेले होते. बाराव्या दिवशी अवकाळी पाऊस पडून दोन्ही कागद धुऊन निघाले होते. आणि तिसरा घोटाळा सर्वांत मोठा. फाटकावरच्या ताटलीत तांबूस माती भरपूर होती, पण काळे कण छतावरच्या ताटलीत जास्त होते. अंदाज साफ चुकला होता.

बाबांचा हिशेब चोख. ते म्हणाले, "नवव्या दिवशी चाळीस टाकून दे. आदल्या दिवशी अडतीस आहेत, दुसऱ्या दिवशी बेचाळीस. मधले चाळीसच असणार ना?"

"पण बाबा, मी मोजलेच नाहीत."

"अगं, चाळीसच असतील. मॅडम काय मोजायला येणार आहेत?"

आईला काळजी वेगळी होती. "आणि अंदाज चुकला असं लिहू नकोस हं. आधीच लिहून टाक, छतावर जास्त असतील असं वाटलं होतं म्हणून. गुण कशाला घालवायचे?"

दोघांनीही हे मायेने सांगितले. दोघांनाही आपण खोटे बोलायला शिकवत आहोत असे वाटले नाही. पण त्या पंधरा दिवसांत मुलीने कमावलेले सगळे त्या एका चाळीसच्या आकड्याने पुसले गेले असते. 'मी पाहिले' आणि 'असे असेल' यांतला फरक तिला कळला होता. तो आकडा लिहिला असता तर उरलेल्या तेरा खऱ्या आकड्यांवरही तिचा स्वतःचा विश्वास राहिला नसता. शास्त्रज्ञही मधला आकडा कधी कधी अंदाजाने काढतात, नाही असे नाही. पण तो अंदाज आहे असे ते शेजारी लिहितात.

गरम दुधाचे आइस्क्रीम

आपण पाहिले ते पाहिले असे म्हणणाऱ्या मुलाला काय सोसावे लागते, हे आफ्रिकेतल्या एका विद्यार्थ्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याचे नाव एरास्टो म्पेम्बा. हा टांझानियातला, तेव्हाच्या टांगानिकातला, मुलगा. १९६३ साली शाळेत मुले दूध उकळून, साखर घालून, ते थंड करून आइस्क्रीमसाठी फ्रीझरमध्ये ठेवत. जागा थोडी, मुले फार. आपली जागा जाईल या भीतीने म्पेम्बाने दूध गरम असतानाच आत ठेवले. दीड तासाने पाहतो तर त्याचे आइस्क्रीम गोठलेले आणि न उकळलेले दूध ठेवणाऱ्या सोबत्याचे मात्र अजून पातळच!

त्याने शिक्षकांना विचारले. उत्तर मिळाले, तुझा काही तरी गोंधळ झाला असेल. पुढे दुसऱ्या शाळेत त्याने पुन्हा विचारले, तर ते 'म्पेम्बाचे भौतिकशास्त्र' ठरले. त्यानंतर त्याची कुठलीही चूक झाली की वर्गात याच नावाने त्याची टर उडवली जाई. एकदा डेनिस ऑसबॉर्न हे विद्यापीठातले प्राध्यापक शाळेत व्याख्यानाला आले. म्पेम्बाने त्यांनाही तोच प्रश्न केला आणि वर्ग हसला. ऑसबॉर्न यांनी मात्र परत गेल्यावर प्रयोगशाळेत तो प्रयोग करून पाहायला लावला. १९६९ साली दोघांच्या नावाने लेख छापून आला. त्यात म्पेम्बाने आपली हकिगत आपल्याच शब्दांत, थट्टेसकट, सांगितली आहे.

गंमत म्हणजे गरम द्रव थंड द्रवाच्या आधी गोठतो का, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. २०१६ साली इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी काळजीपूर्वक मोजमाप करून असे काही आढळत नाही असे म्हटले. म्हणजे म्पेम्बा चुकलाही असेल. पण त्याने जे पाहिले ते लिहिले होते, म्हणून तर इतक्या वर्षांनी कुणाला ते तपासता आले.

आपल्याकडेही अशी एक लहानशी नोंद आहे. सालिम अली दहाएक वर्षांचे असताना, १९०६-०७ च्या सुमारास, मुंबईच्या खेतवाडीतल्या घरी भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे होते. हाती छऱ्याची बंदूक होती. बाहेर बसणारा चिमणा त्यांनी टिपला की चिमणी थोड्याच वेळात दुसरा जोडीदार आणी. सात दिवसांत असे आठ चिमणे मारले गेले. आज कुठल्याही मुलाने करू नये असाच हा उद्योग. पण त्या मुलाने तो मोजून, जसा घडला तसा कागदावर टिपला होता. जवळजवळ साठ वर्षांनी ती नोंद पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत जवळपास जशीच्या तशी छापली गेली. दहा वर्षांच्या मुलाचे लिखाण मोठ्यांनी न सुधारता टिकले तर असे कामाला येते.

होशंगाबादच्या टोळ्या

शंकरनगरच्या या मुलीच्या मागे मोठी परंपरा आहे, हे तिच्या आईबाबांना बहुधा ठाऊक नसेल. २००० सालच्या नोव्हेंबरपर्यंत रायपूर मध्य प्रदेशातच होते. त्याच राज्यातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो हाती घेतला. दिल्ली विद्यापीठातले अध्यापक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुटीत येऊन खेड्यातल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करत. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात पसरला. १९८२ मध्ये 'एकलव्य' संस्था स्थापन झाली आणि तिने तो पुढे नेला.

या वर्गात मुले चार-चारांच्या टोळ्यांनी बसत. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात प्रयोग आणि प्रश्न असत, उत्तरे नसत! उत्तर मुलांनी आपल्या प्रयोगातून काढायचे आणि आपल्या भाषेत वहीत लिहायचे. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेता येत असे. याचा परिणाम काय होतो पाहा. जी वही परीक्षेत आपल्या उपयोगी पडणार, तिच्यात खोटे कोण लिहील? फळ्यावर सगळ्या टोळ्यांचे आकडे मांडले जात. एकाच बाकाची लांबी मोजली तरी ते थोडे वेगवेगळे येत. मग वर्गात वाद होई: कुणाचे बरोबर? हळूहळू मुलांच्या लक्षात येई की, मोजण्यात थोडा फरक पडायचाच. सगळ्यांचे आकडे तंतोतंत जुळले, तर उलट कुणी तरी कुणाचे पाहून लिहिले असले पाहिजे.

ज्या प्रश्नांची उत्तरे वर्गात सापडत नसत, ते मुले पत्राने 'सवालीराम'ला विचारत. सवालीराम नावाचा माणूस मुळात नव्हताच. त्या नावामागे बरीच मंडळी बसून प्रत्येक पत्राला उत्तर देत. २००२ साली सरकारी निर्णयाने हा कार्यक्रम बंद झाला तेव्हा तो १५ जिल्ह्यांतल्या हजाराहून अधिक शाळांत पोचलेला होता. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबावी, हे त्या मुलांना आणि शिक्षकांना लागले नसते तरच नवल. छत्तीसगढ त्याआधीच वेगळे झाले होते. नव्या राज्याची शालेय पाठ्यपुस्तके जिथे तयार होतात, ती राज्य शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद रायपुरात आहे आणि तिचा पत्ता शंकरनगरचाच आहे. रोज शाळेत जाताना ही मुलगी त्या आवाराच्या बाजूने जातही असेल.

परीक्षक वही मागतात

"पण गुणांचं काय?" हा आईचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. दिवे लुकलुकणाऱ्या थर्माकोलच्या कारखान्यापुढे डाग पडलेल्या वहीला वर्गात कमी गुण मिळू शकतात. मिळतातही. सगळेच शिक्षक वही उघडून पाहत नाहीत.

तरी वही पाहणारेही आहेत. १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातला एखादा प्रश्न घेऊन त्याचा अभ्यास करायचा, आधी जिल्ह्यात, मग राज्यात आणि शेवटी देशभरातून आलेल्या मुलांपुढे तो मांडायचा, असे तिचे स्वरूप. अहवालासोबत रोजची नोंदवहीही न्यावी लागते. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ पासून चालवलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षांनंतर मुलांना स्वतःचा कृती-संशोधन प्रकल्प आणि मुलाखत द्यावी लागते. अशा मुलाखतीत "हा दिवस रिकामा का?" असे कुणी विचारले तर "दुर्गला लग्नाला गेले होते" हे उत्तर सांगताना मुलीला घाम फुटणार नाही. "हे चाळीस कसे मोजलेत?" असे विचारले तर फुटेल.

आणि मुलांची भाषा मुलांचीच ठेवली तर कुठवर पोचते, याचे एक सुंदर उदाहरण इंग्लंडमधले आहे. डेव्हन परगण्यातल्या ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेत आठ ते दहा वर्षांच्या २५ मुलांनी भुंग्यासारख्या केसाळ मधमाश्यांवर प्रयोग केले. साखरपाणी कुठे आणि मिठाचे पाणी कुठे, हे माश्या रंगांच्या मांडणीवरून ओळखायला शिकतात का, हा त्यांचा प्रश्न. डिसेंबर २०१० मध्ये रॉयल सोसायटीच्या 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकात तो निबंध मुलांच्याच शब्दांत, रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसह छापला गेला. सगळ्या माश्या एकाच युक्तीने चालत नाहीत, हेही मुलांनी सरळ नोंदवले होते. एखाद्या सुबकपणाच्या आग्रही पालकाने ते वाक्य नक्कीच खोडले असते!

आता भाषेचे. रायपूरच्या मराठी घरातले मूल घरी मराठी, गल्लीत हिंदी किंवा छत्तीसगढी आणि वर्गात पुष्कळदा इंग्रजी बोलते. त्याच्या नोंदवहीत 'आज बारिश झाली, प्लेट गीली झाली' असे वाक्य सापडले की आजीच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू द्याव्यात, पण ते वाक्य खोडू नये. निबंधाच्या वहीत मराठी शुद्ध हवेच, तिथे आजीचा शब्द शेवटचा. नोंदवहीत मात्र ज्या भाषेत पाहिले त्याच भाषेत आणि त्याच क्षणी उतरलेले बरे. शुद्धलेखन तपासले जाणार म्हटले की मूल पाहिलेले लिहीत नाही, लिहिता येईल तेवढेच पाहते.

मग मोठ्यांनी करायचे तरी काय? करण्यासारखे पुष्कळ आहे. सुटे कागद न देता शिवलेली वही द्यावी, म्हणजे नको ते पान गळून पडत नाही. खोडरबर बाजूला ठेवून पेनने लिहायला सांगावे. चुकले तर एक आडवी रेघ, जुना आकडा वाचता येईल अशी. तारीख, वेळ, हवा कशी होती ते रोज लिहिले जाते की नाही, यावर लक्ष ठेवायला आजीसारखे दुसरे कुणी नाही. छताच्या जिन्यावरून ताटली नेताना सोबत जावे. आणि एक प्रश्न अधूनमधून विचारत राहावा, "हे तुला कसं कळलं?" मात्र तो उलटतपासणीच्या सुरात नको.

शंकरनगरच्या घरात हा प्रश्न शेवटी आजीने विचारला. मुलगी सांगत होती, छतावरची काळी धूळ कारखान्यांचीच आहे. "कशावरून गं?" आजी म्हणाली. मुलगी थबकली. तिने फक्त कण मोजले होते, त्यांचा पत्ता विचारला नव्हता. मग बाबांनी जुन्या स्पीकरमधले चुंबक काढून दिले. छताच्या कोपऱ्यातली धूळ कागदावर घेतली, चुंबकाला दुसरा कागद गुंडाळला आणि वरून फिरवला. काही काळे कण टपटप चिकटले, काही तसेच पडून राहिले.

"बघ, लोखंड! म्हणजे कारखान्याचंच," बाबा खूश झाले.

एवढ्यावर थांबता आले असते. पण चुंबकाला चिकटणारे कण साध्या मातीतही असतात, गाड्यांच्या झिजलेल्या ब्रेकमधूनही येतात आणि कोळशाची काजळी तर चुंबकाला चिकटतच नाही. चिकटलेल्या कणात लोखंड आहे एवढे खात्रीने म्हणता येते, ते कुठून आले हे नाही. मुलीने दुसऱ्या दिवशी बागेतली माती घेऊन तेच केले. तिच्यातूनही थोडे कण उचलले गेले. बाबांचा चेहरा पडला, मुलीचा मात्र नाही. तिला नवाच प्रश्न मिळाला होता. छतावरच्या धुळीत असे कण बागेतल्या मातीपेक्षा जास्त आहेत का?

शाळेत वही द्यायच्या आदल्या रात्री तिने शेवटचे पान लिहिले. 'मला वाटले होते फाटकावर काळे कण जास्त असतील. तसे नव्हते. का ते मला अजून माहीत नाही.' नवव्या दिवसापुढे तिने 'मोजले नाही, दुर्गला गेलो होतो' असे लिहिले आणि बाराव्या दिवसापुढे 'पाऊस'. आईने पान वाचले. पेन हातात घेतले, 'दुर्गला' मधला रफार नीट दिसतो ना ते पाहिले आणि काही न लिहिता वही दप्तरात ठेवली.

बाबा तेव्हा फोनवर होते. चौबे कॉलनीत राहणाऱ्या बहिणीला ते समजावून सांगत होते, "अगं, फक्त एक पांढरी ताटली छतावर ठेवायची, रोज त्याच वेळेला. आणि हे बघ, एखादा दिवस चुकला तर चुकला म्हणून सांग. आकडा मनाने सांगू नकोस, ती ऐकायची नाही."